खाडीतील तरंगते जीव आणि ज्येष्ठांची जलसफर

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली की मुंबई-पुण्याकडील कुटुंबे कोकण किनाऱ्याची वाट धरतात. मुरुड, जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन ही रायगड जिल्ह्यातील नावे बहुतेकांच्या यादीत असतात, आणि त्या वाटेवर आगरदांडा लागते. राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावरील या बंदरातून समोरच्या दिघीला माणसे आणि वाहने नेणारी फेरीबोट सुटते. याच पाण्यातून जंजिऱ्याकडे होड्या जातात, आणि डॉल्फिन दिसतील या आशेने खाडीच्या मुखापर्यंत फेरफटका मारणारेही असतात.

अशा वेळी कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो. आजी-आजोबांना होडीत न्यायचे की नाही? बहुधा उत्तर ठरलेले असते. "तुम्ही इथे सावलीत बसा, आम्ही तासाभरात येतो." काळजीपोटीच हे म्हटले जाते. परंतु ज्या माणसाने उमेदीची वर्षे इतरांना फिरवून आणण्यात घालवली, त्याला धक्क्यावरील पिशव्यांची राखण करावी लागते, हेही तितकेच खरे. या काळजीमागे पाय घसरण्याची, उलटी होण्याची भीती असते. अलीकडे तिच्यात आणखी एका भीतीची भर पडली आहे, ती म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या जेलीफिशची. तिच्याविषयी नीट माहिती असली, तर ती ज्येष्ठांना घरी बसवण्याचे कारण उरत नाही. उलट, त्यांना होडीत नेण्याचे एक कारण ठरते.

पाण्यात दिसते ते काय

डॉल्फिन दिसणे हा नशिबाचा भाग आहे. दिसला तरी पाठीचा करडा कमानदार भाग क्षणभर वर येतो आणि नाहीसा होतो. "तो बघा, तो बघा" असे म्हणेपर्यंत पाणी पुन्हा सपाट झालेले असते. मान चटकन वळवता न येणाऱ्या किंवा दृष्टी मंदावलेल्या व्यक्तीला तो बहुधा दिसतच नाही. होडीच्या कडेने संथपणे वाहत जाणारे छोटे जीव मात्र घाई करीत नाहीत. इंजिन बंद करून होडी थांबली, की ते आपल्या गतीने समोरून जातात, आणि पाहणाऱ्याला पुरेसा वेळ देतात.

प्रवाहाच्या विरुद्ध जाण्याचे बळ नसलेल्या आणि पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या अशा जीवांना शास्त्रात प्लवक म्हणतात. त्यांतील बहुसंख्य डोळ्यांना दिसत नाहीत. कोकणच्या स्वयंपाकघरात मात्र याच तरंगत्या जगातला एक जीव पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. तो म्हणजे जवळा. थव्याने राहणारी ही इवलीशी कोळंबी प्रवाहाबरोबर वाहत येते आणि कोळी बांधवांच्या डोल जाळ्यांत सापडते.

जेलीफिश हीदेखील प्लवकच होय. नावात 'फिश' असले तरी ती मासा नाही. तिला हाड नाही, मेंदू नाही, हृदय नाही. शरीराचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच असतो. छत्रीसारखे अंग आकसून आणि सैल सोडून ती पुढे सरकते. पृथ्वीवर ५० कोटी वर्षांहून अधिक काळ हा जीव याच साध्या रचनेवर टिकून आहे. पावसाळा ओसरल्यानंतर किनाऱ्याजवळ कधी कधी तिचे थवेच्या थवे येतात. मग डोल जाळी जड होतात आणि कोळ्यांच्या हातांना चुरचुर सोसावी लागते.

पुष्कळांना घाबरवणारा दुसरा जीव म्हणजे 'ब्लू बॉटल'. निळसर, फुगवलेल्या छोट्या पिशवीसारखा तरंगणारा हा जीव खरी जेलीफिश नव्हे. एकमेकांना चिकटून, कामे वाटून घेऊन जगणाऱ्या अनेक सूक्ष्म जीवांची ती एक वसाहत आहे. कोणी तरंगण्याचे काम करतो, कोणी भक्ष्य धरण्याचे, कोणी पचवण्याचे. एकत्र कुटुंबाचे इतके टोकाचे उदाहरण निसर्गात क्वचितच सापडेल. वाऱ्याच्या जोरावर तो शिडाच्या होडीसारखा वाहतो. त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वारे किनाऱ्याच्या दिशेने वाहू लागले, की मुंबईच्या जुहू, गिरगाव अशा चौपाट्यांवर तो येऊन पडतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत अनेकांना त्याचे डंख बसले होते. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात. म्हणून ब्लू बॉटलची गाठ होडीत पडण्यापेक्षा वाळूवर फिरताना पडण्याची शक्यता अधिक असते.

याखेरीज रुपयाच्या नाण्याएवढी, कडेला निळी झालर असलेली 'ब्लू बटन' दिसते. तिचा डंख सौम्य असतो. 'कंगवा जेली' तर काचेच्या गोटीसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगावर केसांच्या आठ रांगा असतात. त्या हलल्या की प्रकाश विखुरतो आणि इंद्रधनुष्याचे रंग धावताना दिसतात. ती डंख मारीत नाही. तरीही पाण्यात दिसणारा जीव नेमका कोणता हे होडीतून ओळखणे सोपे नसते. म्हणून नियम एकच ठेवावा. डोळे पाण्यावर असावेत, हात मात्र होडीत.

डंख कसा बसतो

जेलीफिशच्या किंवा ब्लू बॉटलच्या लोंबणाऱ्या तंतूंवर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म, गुंडाळलेली, विषारी सुई दबलेली असते. स्पर्श होताच ती झडपेसारखी सुटते आणि कातडीत शिरते. ही निसर्गातील अतिशय वेगवान हालचालींपैकी एक मानली जाते. त्यामागे राग नसतो, हल्ल्याचा हेतू नसतो. मेंदूच नाही, तिथे हेतू कुठला असणार! स्पर्श झाला की पेशी फुटते, इतकेच.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे, मेलेली जेलीफिशही डंख मारते. वाळूवर पडलेल्या ब्लू बॉटलच्या दंशपेशी बराच काळ जिवंत राहतात. नातवंडे तिला निळा फुगा समजून उचलायला धावतात आणि त्यांना आवरायला आजोबांचा हात पुढे होतो. दुसरी गोष्ट अशी, की तंतू कातडीला चिकटल्यावर त्यावरील साऱ्या पेशी एकदम फुटत नाहीत. पुष्कळशा शिल्लक असतात. चोळले, खरवडले किंवा त्यावर थंड गोडे पाणी ओतले, की त्याही फुटू लागतात. म्हणजे उपचार म्हणून जे केले जाते, त्यानेच पुष्कळदा वेदना वाढते.

एका जलप्रवासाची देणगी

आज कोणाला औषधाची किंवा मधमाशीच्या डंखाची तीव्र ॲलर्जी आली, तर डॉक्टर 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द वापरतात. या शब्दाच्या जन्मकथेत हाच तरंगता जीव आहे. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या नौकेवर फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्त्ये समुद्रसफरीवर होते. ब्लू बॉटलच्या जातीतील जीवाच्या विषाचा अभ्यास करा, असे राजांनी त्यांना सुचवले. परतल्यावर हे जीव मिळेनात, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. पहिली मात्रा पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी फारच थोडी मात्रा दिली, आणि तो काही मिनिटांत दगावला. शरीर पहिल्या भेटीत सावध होते आणि दुसऱ्या भेटीत अतिरेकी प्रतिक्रिया देते, हे तेव्हा उघड झाले. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या दृष्टीने यातला बोध व्यवहाराचा आहे. पूर्वी कधी समुद्रात डंख बसून अंगभर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील किंवा श्वास लागला असेल, तर ती जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. सहलीपूर्वी ती डॉक्टरांच्या कानावर घालावी. ज्येष्ठ मंडळी अशा आठवणी गंमत म्हणून सांगतात. सोबतच्यांनी त्या वैद्यकीय माहिती म्हणून ऐकाव्यात.

जेलीफिशचे ऋण इथेच संपत नाही. ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पत्नी आणि मुलांच्या मदतीने, उन्हाळ्यामागून उन्हाळे, लक्षावधी जेलीफिश गोळा केल्या. त्यांतून मिळालेल्या हिरव्या प्रकाशमान प्रथिनामुळे जिवंत पेशींत काय घडते ते डोळ्यांना पाहता येऊ लागले. कर्करोग आणि मेंदूचे विकार यांच्या संशोधनात हे प्रथिन आज नित्याच्या वापरात आहे. शिमोमुरा यांना २००८ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

ज्येष्ठांच्या बाबतीत वेगळे काय

आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक डंख वेदनादायक असले तरी जीवघेणे नसतात. तीव्र आग होते, चाबकाच्या वळासारखे लाल पट्टे उठतात आणि काही तासांत वेदना उतरते. मात्र वयाबरोबर शरीर बदललेले असते, म्हणून चार गोष्टींचे भान हवे.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना डंख बसल्याचे कळतच नाही, आणि जखम पुढे चिघळू शकते. अशांनी वाळूवर अनवाणी चालू नये. पूर्ण पाऊल झाकणारी पादत्राणे घालावीत आणि संध्याकाळी सोबतच्याने तळपाय, बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात.

हृदयविकार असलेल्यांना अकस्मात तीव्र वेदनेचा ताण सोसत नाही. नाडी वाढते, रक्तदाब चढतो. छातीत दुखू लागले, दरदरून घाम आला, तर ते डंखामुळेच असेल असे समजून थांबू नये.

रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर तीव्र ॲलर्जीवर दिले जाणारे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन कमी परिणामकारक ठरू शकते. म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरला मात्र ती पहिल्यांदा सांगावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घेऊ नये. कोणती चालेल हे आधीच विचारून ठेवावे.

खाज थांबवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या आणि बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या यांमुळे वृद्धांना गुंगी येते. कधी गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते, तोल जातो. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असणाऱ्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. हलत्या होडीत गुंगी येणे हे जेलीफिशपेक्षा अधिक धोक्याचे आहे.

डंख बसलाच तर

प्रथम व्यक्तीला पाण्यापासून दूर, स्थिर जागी बसवावे. घाबरवू नये, ओरडू नये. हालचाल जितकी कमी, तितके बरे. हाताला डंख असेल तर अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात.

त्या जागेवर समुद्राचेच पाणी हळूहळू ओतावे. चिकटलेले तंतू चिमट्याने, किंवा चिमटा नसेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, अलगद उचलावेत. खरवडू नयेत, चोळू नयेत. वाळू, लघवी, दारू, अत्तर, टूथपेस्ट हे सारे उपाय टाळावेत. सिरक्याविषयी नेहमी विचारले जाते. काही जातींच्या डंखावर तो उपयोगी पडतो, ब्लू बॉटलच्या बाबतीत मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. जीव ओळखता येत नसेल, तर सिरका शोधण्यात वेळ दवडू नये. समुद्राचे पाणी हाताशीच असते.

तंतू निघाल्यावर वेदनेवरील सर्वांत चांगला उपाय म्हणजे ऊन पाणी. सोसवेल इतक्या गरम, साधारण ४२ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती जागा २० मिनिटे बुडवून ठेवावी. हे होडीत शक्य नसते, पण धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवरही कढत पाणी मिळू शकते. त्यात थंड पाणी मिसळून ते योग्य करावे. येथे सोबतच्या व्यक्तीने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पाण्याची ऊब आधी स्वतःच्या कोपराने तपासावी. संवेदना मंदावलेल्या ज्येष्ठाला "फार गरम आहे का?" असे विचारून भागत नाही, कारण त्याला ते कळतच नाही, आणि डंखापेक्षा भाजल्याची जखम मोठी होते. ऊन पाणी मिळत नसेल, तर कापडात गुंडाळलेला कोरडा बर्फाचा शेक द्यावा.

श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, वारंवार उलटी, छातीत दुखणे, चक्कर, किंवा अकस्मात गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपचार पुरे. डंख डोळ्याला, तोंडाला किंवा अंगाच्या मोठ्या भागाला झाला असेल, तरीही थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आगरदांड्याच्या बाजूला असाल तर मुरुडला ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे आणि तिथवरचा रस्ता वेळ घेणारा आहे. त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा. साधा डंख असला तरी पुढचे काही दिवस जागा लाल होऊन पसरते का, पू धरतो का, याकडे लक्ष ठेवावे.

निघण्यापूर्वी

फार मोठी तयारी लागत नाही. चालू औषधांची आणि ॲलर्जीची यादी ठळक अक्षरांत लिहून खिशात ठेवावी. एक चिमटा, प्लास्टिकच्या दोन पिशव्या, पिण्याचे पाणी, रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा एवढे पुरे. शक्य असल्यास पोलरॉइड काचांचा चष्मा घ्यावा. पाण्यावरची झगझग कमी होऊन त्याने आतले स्पष्ट दिसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना उन्हाची तिरीप सोसत नाही, त्यांना तो विशेष उपयोगी पडतो. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर खारे तुषार डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

सफर सकाळची ठेवावी. ऊन कमी असते आणि वाराही बहुधा शांत असतो. भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्यावी, कारण ओहोटीत होडी खाली जाते आणि धक्क्यावरून उतरण्याची पायरी उंच होते. लाइफ जॅकेट सर्वांनी घालावे, पोहता येणाऱ्यांनीही. ज्येष्ठांना होडीच्या मध्यभागी, दोन आधारांमध्ये बसवावे, आणि एखादा जीव दिसला की नावाड्याला होडी थांबवायला सांगावे. पाणी उडवून घेण्यासाठी हात बाहेर सोडण्याची सवय नातवंडांना असते. त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम आजोबांकडे सोपवावे. जबाबदारी दिली की माणूस सहलीत ओझे उरत नाही.

होडीत चढणे खरोखरच शक्य नसेल, तरी हे जग दुरावत नाही. भरतीच्या वेळी धक्क्यावर खुर्ची टाकून बसले, तरी पाण्याबरोबर आत येणाऱ्या जेलीफिश दिसू शकतात. हिवाळ्यात काही रात्री कोकण किनाऱ्यावर लाटा फुटताना निळसर उजेड चमकतो. तो नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय प्लवकाचा असतो. तो पाहण्यासाठी किनाऱ्यावरचा अंधार, अंगावर शाल आणि थोडी सवड पुरते.

वृद्धापकाळी माणसाची चाल मंदावते, नजर जवळच्या गोष्टींवर स्थिरावते. वेगाने धावणारे डॉल्फिन तरुणांनी शोधावेत. संथपणे वाहत येणारी ती पारदर्शक छत्री पाहण्याची सवड ज्येष्ठांकडे असते. तेव्हा या हिवाळ्यात पिशव्या धक्क्यावर कोणाच्या ताब्यात द्यायच्या याचा विचार अवश्य करावा, पण त्यासाठी आजीला मागे ठेवू नये. तिचा हात धरून तिला होडीत घ्यावे, आणि पाण्यात हात घालू नकोस, एवढेच तिला सांगावे. पुष्कळदा ते तीच आपल्याला सांगेल.